दातारकाकांची भिंत

चष्मे सापडले ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. अकराच्या अकरा. प्रत्येकाला रबर लावून नावाची चिठ्ठी अडकवलेली, आणि आठ महिन्यांपूर्वी आम्ही दिले तेव्हा ज्या पिशव्यांत होते त्याच पिशव्यांत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या अकरा जणांचे हे चष्मे. मी त्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंना विचारलं, हे इथे कसे? त्या समाधानाने म्हणाल्या, "अहो, हरवतात ना. म्हणून कुलपात ठेवलेत. पाहुणे यायचे असले की काढून देतो."

बाईंचा हेतू अगदी शुद्ध होता. आणि एकही चष्मा हरवला नव्हता, हेही खरंच होतं. बाहेर व्हरांड्यात अकरा आज्या-आजोबा धुरकट जगात बसून होते, एवढंच.

मी पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट. म्हणजे डोळे तपासणारी, पण डॉक्टर नव्हे. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, मी नंबर काढते, डोळ्यातला दाब मोजते, आतला पडदा बघते आणि काही वेगळं दिसलं की डॉक्टरांच्या पुढ्यात नेऊन ठेवते. पुण्यातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात पस्तीस वर्षं काढली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे शहरातल्या आणि शहराबाहेरच्या वृद्धाश्रमांची फेरतपासणी होती. हे काम मी मागून घेतलं नव्हतं. कुणीच घेत नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

फेरतपासणी म्हणजे काय ते सांगते. वृद्धाश्रमात नेत्रशिबिर होतं तेव्हा मांडव असतो, फलक असतो, फीत कापायला कुणीतरी मोठा माणूस असतो. शस्त्रक्रिया होतात, फोटो निघतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. थेंब दिवसातून किती वेळा घालायचे, कधी कमी करायचे, कधी बंद करायचे. महिना-सव्वा महिन्याने नंबर काढून चष्मा द्यायचा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा बघायचा. काचबिंदू असेल तर औषध जन्मभर, एक दिवसही न चुकवता. घरी राहणाऱ्या माणसाला हे आठवण करून देणारं कुणीतरी असतं. वृद्धाश्रमात चाळीस माणसं, चार मावश्या, आणि त्यातली एक तरी दर दोन महिन्यांनी सोडून जाणारी. शिबिराच्या दिवशी आम्हाला गाडी मिळायची. फेरतपासणीला काचांची पेटी मांडीवर घेऊन मी पीएमटीच्या बसने जायची. तिला आता पीएमपी म्हणतात, पण बस तीच आहे.

एका ठिकाणी तर मावशी शस्त्रक्रियेनंतरचे थेंब खोलीतल्या सहाही आज्यांना घालत होत्या. शस्त्रक्रिया झाली होती एकीची. मी हादरले. मावशी म्हणाल्या, "एकीलाच घातलं की बाकीच्या रुसतात ताई. तीर्थ द्यायचं तर सगळ्यांनाच द्यावं लागतं." ते औषध भलत्या डोळ्यात महिनोन्‌महिने गेलं तर दाब वाढून डोळा जाऊ शकतो. नशिबाने दहाच दिवस झाले होते. मी साध्या पाण्यासारख्या, निरुपद्रवी थेंबांच्या पाच बाटल्या मावशींना आणून दिल्या आणि रुसवे मिटवले. असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

या कामाचा मला कंटाळा कसा आला नाही, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर डोळ्याच्या आत बघण्याचा कंटाळा येऊच शकत नाही. बाहुलीतून उजेड सोडला आणि भिंग नीट धरलं की समोर केशरी रंगाचा पडदा उघडतो. त्यावर लाल शिरांच्या फांद्या, आणि एका बाजूला, मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते तिथे, फिकट पिवळा गोल. माणसाच्या शरीरात कुठेही न कापता जिवंत नस आणि वाहतं रक्त उघड्यावर बघायला मिळतं ते फक्त इथे. ज्या आजींना स्वतःचं नाव आठवत नव्हतं त्यांच्याही डोळ्यात मी हे बघितलंय, आणि दर वेळी माझा श्वास जरा थांबलाय. पस्तीस वर्षांत ही गोष्ट कमी झाली नाही.

आता दातारकाकांबद्दल. हे लिहायला बसले ते त्यांच्यासाठीच.

कात्रजच्या चढावर एक वृद्धाश्रम आहे. इमारत पूर्वी छोटा दवाखाना होती. दातारकाका तिथे नवे आले होते तेव्हा, एका ऑगस्टमध्ये, मी पहिल्यांदा त्यांना तपासलं. वय ऐंशीच्या आसपास, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. आयुष्य नारायण पेठेत गेलेलं, नोकरी पाटबंधारे खात्यात. खडकवासल्याच्या कालव्याचे नकाशे काढायचे. तीन महिन्यांपूर्वी बायको वारली, मूलबाळ नाही, म्हणून इथे आले.

मी त्यांच्या उजव्या बाजूने जाऊन नमस्कार केला. त्यांनी उत्तर दिलं नाही. पुन्हा केला. ते समोर बघत राहिले. मी यवतमाळची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून इथल्या माणसांनी न दिलेल्या उत्तरांचा माझ्याकडे मोठा साठा आहे. त्यात ही एक भर, असं मी मनात म्हटलं. आश्रमातले बाकीचे लोकही हेच सांगत होते: दातार कुणाच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत, शेजारी कुणी येऊन बसलं तर ओळख दाखवत नाहीत, वाटेत कुणी आलं तर सरळ धडकतात आणि वर त्यालाच बोलतात. पुण्याचा माणूस, त्यातून नारायण पेठेतला, त्यातून सरकारी ड्राफ्ट्समन. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

तक्ता वाचायला सांगितला. डाव्या डोळ्याने शेवटची ओळ धडाधड वाचली आणि शिवाय तक्त्याच्या खालच्या कडेला छापखान्याचं बारीक नाव होतं तेही वाचून दाखवलं. उजव्या डोळ्याने एकेक अक्षर शोधत, थांबत, पण बरीचशी ओळ वाचली. ते शोधणं मला दिसलं होतं. मला वाटलं, हा गृहस्थ माझी थट्टा करतोय. डोळ्यांचं काही औषध चालू आहे का, असं विचारलं. "सध्या नाही," म्हणाले. दाब मोजायचं यंत्र त्या दिवशी बरोबर नव्हतं, जेवणाची घंटा झाली म्हणून आतला पडदा बघायचाही राहिला, आणि मला या माणसाचा रागही आला होता. कार्डावर मी लिहिलं: नजर उत्तम, वर्षाने तपासणी. हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा लिहिलं असेल. त्यातलं हे एक पुसता आलं असतं तर बरं झालं असतं.

वर्षाने जायचं ते पंधरा महिन्यांनी गेले. आधी गाडी नाही, मग माणूस नाही, मग गणपती, मग दिवाळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कात्रजला पोचले तेव्हा दारातच नसरीन भेटली.

नसरीन तिथली मदतनीस, चाळिशीची. तिचं कुटुंब चार पिढ्यांपासून पुण्यात, आजोबांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. माझ्या तोंडून कधी "करून राहिले" निसटलं की ती म्हणायची, "ताई, यवतमाळची बस अजून सुटली नाही वाटतं." त्या दिवशी मात्र चेष्टा नव्हती. तिने मला बाजूला घेतलं.

"दातारकाकांना आधी बघा. उजवीकडून चहा दिला की सांडतो, डावीकडून दिला की पितात. मी वर्षभर डावीकडूनच देते. पण आता डावीकडेही पेला त्यांच्या नाकासमोर धरावा लागतो."

मी म्हटलं, हे मला आधी का नाही कळवलंस? ती म्हणाली, "तुमच्या कार्डावर उत्तम लिहिलंय. मी कोण सांगणार?"

काका पलंगावर बसले होते. मी समोर बसले, त्यांना माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं, एक डोळा झाकला आणि माझा हात कडेने हळूहळू आत आणला. बोटं दिसली की सांगा. ही तपासणी दोन मिनिटांची, कुठलंही यंत्र न लागणारी, विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवतात. उजव्या डोळ्याला माझी बोटं माझ्या नाकाला लागेपर्यंत दिसली नाहीत. डाव्याला गालाच्या जरा बाहेर दिसली. या वेळी दाबाचं यंत्र आणलं होतं. वीस-एकवीसच्या आत हवा तो दाब दोन्ही डोळ्यांत तिशीच्या वर होता. भिंग धरून आत बघितलं. नस निघते त्या गोलाच्या मध्ये एक खळगा असतो, बशीत ठेवलेल्या छोट्या वाटीसारखा. काचबिंदूत वाटी मोठी होत जाते आणि बशी संपत जाते. उजव्या डोळ्यात सगळी वाटीच होती.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत लोक नेहमी गल्लत करतात. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते बदललं की झालं. काचबिंदूत नस मरते आणि मेलेली नस परत येत नाही. आणि तो कडेकडून आत येतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून माणूस तक्त्याची शेवटची ओळ धडाधड वाचतो आणि शेजारी उभ्या माणसाचा नमस्कार त्याला दिसत नाही. मी पंधरा महिन्यांपूर्वी ज्याला तुसडेपणा समजले होते तो आजार होता. पस्तीस वर्षांच्या अनुभवाच्या बाईने नाही ओळखला आणि चहा देणाऱ्या नसरीनने ओळखला.

मी काकांना सगळं सांगितलं आणि माझी चूक झाली हेही सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नसरीन, गादीखालची गुंडाळी दे."

तिने गुंडाळी काढली. भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं होती, सोळा. प्रत्येकाच्या पाठकोऱ्या बाजूला शिसपेन्सिलीने चौकोनांची जाळी आखलेली, रेघ इतकी सारखी की छापल्यासारखी. प्रत्येक पानावर दोन जाळ्या, उजवा आणि डावा. प्रत्येकीत मधोमध एक ठिपका, त्याच्याभोवती काही चौकोन कोरे आणि बाकीचे बारीक तिरप्या रेघांनी भरलेले. खाली तारीख. दर महिन्याची पहिली.

मी काही बोलण्याआधी त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. दवाखान्याच्या काळातली ती ड्रेसिंगची खोली. भिंतीला वरपर्यंत छोट्या पांढऱ्या टाइल्स होत्या, आणि मधल्या एका टाइलवर आधीच्या कुणा बाईंनी लावून विसरलेली टिकली.

मग ते समजावून सांगू लागले, आणि मी पेटी तशीच उघडी टाकून ऐकत राहिले. खुर्चीचे चारही पाय कुठे ठेवायचे याच्या खुणा त्यांनी फरशीवर खडूने केल्या होत्या, भिंतीपासून मापून एक मीटर. हनुवटी काठीच्या मुठीवर टेकवायची, म्हणजे डोकं हलत नाही. एक डोळा रुमालाने बांधायचा. दुसरा टिकलीवर रोखायचा, तिथून ढळू द्यायचा नाही. हातात खिडकीच्या पडद्याचा गज, त्याच्या टोकाला काळं बटण शिवलेलं. बटण भिंतीच्या कडेने आत आणायचं आणि ज्या टाइलवर ते पहिल्यांदा दिसेल ती लक्षात ठेवायची. मग दुसऱ्या दिशेने. असं सगळीकडून. तास-दीड तास लागायचा.

"पण गज कशाला?" नसरीनने विचारलं. "भिंत दिसते की नाही ते नुसतं बघायचं."

"भिंत पूर्ण दिसते," काका म्हणाले. "तीच तर मेख आहे. भिंत दिसते आणि बटण हरवतं."

काचबिंदूच्या माणसाला गेलेला भाग काळा दिसत नाही. मेंदू आसपासचं चित्र ओढून ती जागा भरून काढतो, जसं फाटलेल्या जागी त्याच कापडाचं ठिगळ लावावं. म्हणून लाखो लोकांना शेवटपर्यंत कळत नाही. हे मी वर्गात शिकले होते. या माणसाने ते एका खुर्चीत बसून, पडद्याच्या गजाने शोधून काढलं होतं.

मी विचारलं, हे करावंसं का वाटलं? ते म्हणाले, खात्यात दर वर्षी कालव्याची फेरमोजणी असायची. काठ किती खचला, गाळ किती चढला. "जे बदलतंय असं वाटतं ते मोजायचं. नुसतं वाटून उपयोग नाही."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"तुम्ही विचारलंत, अक्षरं दिसतात का. दिसत होती. औषध सध्या चालू आहे का. सध्या नव्हतं."

त्यांची पहिली तारीख मी बघितली. त्या ऑगस्टची पहिली. म्हणजे मी 'उत्तम' लिहिलं तेव्हा पहिला कागद या गादीखालीच होता. तिथे डाव्या डोळ्याच्या कोऱ्या, म्हणजे दिसणाऱ्या, टाइल्स चौसष्ट होत्या. सोळाव्या कागदावर बावीस. उजव्याच्या चार. आणि सोळाव्या कागदाच्या कडेला त्यांनी एक छोटा आलेख काढला होता. उतरती रेघ पुढे तुटक ओढत नेली होती आणि ती जिथे शून्याला टेकली तिथे लिहिलं होतं: टिकली, अंदाजे जुलै.

नोव्हेंबर ते जुलै. हा माणूस आठ महिन्यांचा नकाशा काढून, शर्टाला इस्त्री करून, कुणाला न सांगता बसून होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना रुग्णालयात नेलं. आमच्याकडे नजरेचं क्षेत्र मोजायचं यंत्र आहे. अर्ध्या घुमटात तोंड घालून बसायचं, आत बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. काकांनी कंटाळा न करता अर्धा तास दाबलं. कागद छापून आला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी कॅलेंडरचं सोळावं पान. बराच वेळ दोन्हींवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टर काळ्या पडद्यावर अगदी असंच मोजायचे. यांना कुणी शिकवलं?

मग त्यांनी जुने कागद चाळले. पहिल्या तीन कागदांवर डाव्या डोळ्याच्या जाळीत, टिकलीपासून डावीकडे तिसरी टाइल एकटीच भरलेली होती. भोवती सगळं कोरं. शेजारी काकांनी लिहिलं होतं: इथे बटण नेहमी नाहीसं होतं. चूक माझी की मोजणीची?

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून काकांच्या जवळ गेल्या. म्हणाल्या, "काका, चूक कुणाचीच नाही. ते माझ्याही डोळ्यात आहे. नस जिथून निघते तिथे कुणालाच दिसत नाही. जन्मापासून प्रत्येकाला तेवढी एक टाइल नसते, आणि आम्हाला सांगितल्याशिवाय कळत नाही."

काका म्हणाले, "चला. तेवढी तरी माझी एकट्याची नव्हती." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

पुढच्या कागदांवर ती टाइल अंधारात मिसळून गेली होती.

दाब औषधाने उतरण्यासारखा होता. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलेलं राखता येईल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. रोज रात्री थेंब, न चुकता. काका म्हणाले, "नको." कारण सांगायला तयार नाहीत. परत जाताना रिक्षात, नसरीन आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली, आणि स्वारगेटच्या पुढे त्यांनी कुणाकडेही न बघता सांगितलं.

काचबिंदू त्यांना अकरा वर्षांपासून होता. थेंब बायको घालायची. त्यांचे हात कापतात, नेम लागत नाही. थेंब पडला की नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा असतो, म्हणजे औषध घशात उतरत नाही. ती बोटाने दाबून धरायची आणि त्या मिनिटात पेठेतल्या दिवसभराच्या बातम्या सांगायची. कुणाच्या घरी काय झालं, भाजीवाला काय म्हणाला. ती गेली त्या दिवशी बाटली अर्धी होती. ती तशीच फेकून दिली. "दुसऱ्या कुणी घालावं असं वाटलं नाही," एवढंच म्हणाले.

पस्तीस वर्षं मी लोकांना औषध का चुकवू नये हे समजावत आले होते. या वेळी बोलली ती नसरीन.

"काका, मी काकूंच्या जागी नाही. मी पगारी बाई आहे, थेंब घालून जाईन. बातम्या तुम्हाला हव्या असल्या तर सांगेन, नको असल्या तर भिंतीला सांगेन."

कात्रजचा चढ लागला तेव्हा काका म्हणाले, "भिंतीला सांग."

त्या रात्रीपासून थेंब सुरू झाले. नसरीनच्या सुट्टीच्या दिवशी कोण घालणार, बाटली कधी संपणार, नवी कोण आणणार, हे सगळं मी तिच्याबरोबर बसून एका कागदावर लिहिलं आणि तो स्वयंपाकघरात लावला. ऑफिसात लावला असता तर कपाटात गेला असता.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला नसरीनचा फोन आला. "ताई, एकोणीस." तीन टाइल्स गेल्या होत्या. मी त्याच दिवशी गेले. दाब उतरला होता, पण पुरेसा नाही. डॉक्टरीणबाईंनी सकाळी घालायची दुसरी बाटली वाढवली. दोन औषधांनी भागलं नाही तर शस्त्रक्रिया, आणि इतक्या थोड्या उरलेल्या नजरेवर शस्त्रक्रिया म्हणजे धोका. काकांनी नवा बिंदू आलेखावर टाकला. तो त्यांच्या तुटक रेघेच्याही थोडा खाली पडला होता. त्या महिन्यात मला झोप नीट लागली नाही. घरी मुलगी म्हणायची, एवढे पेशंट तुझे, यांचंच काय घेऊन बसलीस? तिला काय सांगणार? माझ्या हातून पंधरा महिने गेले होते, आणि ते किती टाइल्सचे होते हे मला आकड्यात माहीत होतं.

जानेवारीला एकोणीस. फेब्रुवारीला एकोणीस. दाब चौदावर आला. मार्चला मी रुग्णालयात कामात होते, नसरीनने नुसता आकडा कळवला आणि फोन ठेवला. बातम्या ती भिंतीलाच सांगत होती, पण एप्रिलमध्ये मी गेले तेव्हा काका तिला मध्येच थांबवून विचारत होते, त्या जोशीबाईंचं पुढे काय झालं.

एक जुलैला मी रजा टाकून कात्रजला गेले. काकांनी मला खुर्चीच्या मागे उभं केलं आणि मध्ये बोलायचं नाही म्हणून बजावलं. रुमाल बांधला, हनुवटी मुठीवर टेकवली, गज उचलला. नसरीन दारात उभी राहिली. त्यांचा हात कापत होता, बटण भिंतीवर थरथरत होतं, पण डोळा टिकलीवरून हलला नाही. त्या वयाला, त्या हातांनी, इतका वेळ कुणी इतकं स्थिर बघू शकतं हे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तासाभराने त्यांनी रुमाल सोडला, जूनचं पान पालथं घालून जाळी आखली आणि एकेक चौकोन भरत गेले.

मग जानेवारीचं पान काढलं. दोन्ही पानं एकावर एक ठेवली, खिडकीशी नेली आणि काचेवर दाबून धरली. मागून उजेड आला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. खालच्या पानावरच्या कोऱ्या भागाची कड कुठे आणि वरच्या पानावरची कुठे, ते शोधावं लागत होतं. सगळीकडे एकच रेघ दिसत होती.

नसरीनने माझा दंड घट्ट धरला होता. काका पानं तशीच धरून म्हणाले, "लिहा. बदल नाही."

मी कार्ड काढलं आणि लिहिलं.